कुलूप तेच, पिना नव्या

मापकाकांच्या चाव्या हरवल्या त्या एका मंगळवारी सकाळी, बागेतल्या तिसऱ्या बाकावर किंवा त्या बाकाच्या आसपास. 'आसपास' हा शब्दच काकांना झोंबला. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेला माणूस. दुकानदाराच्या वजनात चिमूटभर खोट असली तरी नुसतं हातात धरून ओळखणारा. इमारतीतली पोरं त्यांना मापकाका म्हणायची ती काही उगाच नाही. आणि अशा माणसावर स्वतःच्या चाव्यांबद्दल 'आसपास' म्हणायची पाळी यावी!

पण ही नामुष्की त्या मानाने किरकोळ होती. चाव्यांच्या जुडग्याला एक पितळी बिल्ला होता, आणि त्यावर काकांनी मुद्दाम, ठसठशीत अक्षरांत, स्वतःचं नाव, इमारत, मजला आणि घराचा नंबर कोरून घेतला होता. ज्याला सापडतील त्याला परत आणून देताना शोधाशोध पडू नये म्हणून.

"म्हणजे चोराला पत्ता विचारत फिरायला नको," सेक्रेटरी म्हणाले.

हे सेक्रेटरी दिवसा विमा विकायचे आणि संध्याकाळी नियम सांगायचे. प्रत्येक घराची एक जादा चावी इमारतीच्या ऑफिसात लिफाफ्यात ठेवायची हा त्यांचाच नियम, आणि त्या लिफाफ्यामुळेच त्या दिवशी काका घरात तरी शिरू शकले. घरात दुसरं कोणी असतं तर बेल वाजवली असती. पण काकू जाऊन दीड वर्ष झालं होतं, मुलगा समुद्रापलीकडे नोकरीला होता, आणि बेल आतून कशी ऐकू येते हे काका जवळजवळ विसरले होते.

कुलूप बदलायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. सगळ्यांत पुढे होते तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बस कंडक्टर. या गृहस्थांना काहीही विचारा, ते तुम्हाला पुढच्या स्टॉपपर्यंत सोडत नसत. "काका, आजच्या आज कुलूप फेकून द्या," ते म्हणाले, आणि काकांना घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलेसुद्धा. दुकानदाराने काकांनी कागदावर काढून आणलेली आकृती पाहिली, मिलिमीटरमध्ये लिहिलेले आकडे वाचले आणि कागद परत केला.

"हे माप आता येत नाही."

काकांना कोणीतरी भर रस्त्यात टोपी उडवल्यासारखं झालं. मापं येतात काय, जातात काय? माप म्हणजे काय फॅशन आहे? पण नवी कुलपं खरोखरच मोठी होती. मोठं कुलूप म्हणजे दाराला मोठं भोक, म्हणून सुतार आला. सुताराने दारावर तीन ठिकाणी टकटक केलं, कान लावला आणि दार आतून पोकळ झाल्याचं जाहीर केलं. नवं दार बसवायचं, तर चौकट वाकलेली निघाली. चौकट काढायची, तर भिंत हलणार, म्हणून गुरुवारी संध्याकाळी गवंडी येऊन भिंतीकडे कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला. मंगळवारी एक बिल्ला हरवला होता आणि गुरुवारी गोष्ट विटांपर्यंत पोचली होती. कंडक्टर म्हणाले, "भिंत काढताच आहात, तर खिडकी मोठी करून घ्या."

खरं सांगायचं, तर काकांना काहीच काढायचं नव्हतं. त्या कुलपाला एक पितळी मूठ होती. काकू बाहेर जाताना दार ओढून घ्यायच्या तेव्हा त्यांचा अंगठा नेमका एकाच जागी पडायचा, आणि सव्वीस वर्षांत तिथे एक लहानसा खळगा झाला होता. काकांनी तो मोजलाही होता. अर्ध्या मिलिमीटरला थोडा कमी. ही गोष्ट गवंड्याला सांगण्यासारखी नव्हती, कंडक्टरना तर नाहीच नाही, म्हणून काका नुसतेच "बघू, विचार करू" असं म्हणत दारात उभे राहिले.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. समोर राहायच्या त्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या परिचारिका होत्या. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची. एकट्या. अकरा वर्षांत काकांशी त्यांचं सगळ्यांत लांबलेलं बोलणं पायपुसण्यावरून झालं होतं, आणि तेही एकाच बाजूने.

"कुलूप कशाला काढताय?" सिस्टर म्हणाल्या. "आतल्या पिना बदलून घ्या. आमच्या हॉस्पिटलात औषधांच्या कपाटांना तेच करायचे. कोणी नोकरी सोडून चावी घेऊन गेलं की चावीवाला यायचा, कुलपाचं पोट उघडायचा, पिना बदलायचा. कपाट तेच, कुलूप तेच, जुनी चावी बाद." आणि गवंड्याकडे वळून, "तुम्ही भिंतीला हात लावू नका. ही भिंत दोन्ही घरांची आहे, पलीकडे माझं कॅलेंडर आहे." दार बंद.

काकांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी बंद दाराला उद्देशून "आभारी आहे" म्हटलं.

मात्र काम सुरू करण्याआधी कमिटीची परवानगी हवी होती. सेक्रेटरींनी दोन छापील अर्ज पुढे ठेवले.

"एक कुलूप बदलल्याचा, एक चावी हरवल्याचा. तुमचा कुठला?"

"कुलूप बदलत नाहीये."

"मग चावी हरवल्याचा भरा. खाली लिहायचं, की नवी चावी जुन्या चावीबरहुकूम आहे."

"ती जुनीसारखी नसणार. तेच तर काम आहे."

"म्हणजे कुलूप बदललं."

"कुलूप तेच आहे हो."

"मग त्याला जुनी चावी लागली पाहिजे."

"लागू नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप!" काकांचा आवाज चढला.

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही सरकारी खात्यात होता. तुम्हीच असं बोलायला लागलात तर बाकीच्यांनी काय करायचं?"

हा वार वर्मी बसला. काकांनी स्वतः हयातभर लोकांना असले दोन अर्ज पुढे करून कुठला म्हणून विचारलं होतं. शेवटी त्यांनीच पट्टीने एक तिसरा रकाना आखला, 'कुलूप अंशतः बदलले', आणि दोन्ही बाजूंची अब्रू राखली गेली.

शनिवारी चावीवाला आला. गंभीर चेहऱ्याचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने दाराच्या कडेचा स्क्रू काढला, कुलपाच्या पोटातली अंगठ्याएवढी नळी बाहेर ओढली आणि जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. नळीत पाच बारीक पितळी पिना, प्रत्येकीवर केसासारखी एक स्प्रिंग. चावीचे दात त्या पिनांना नेमक्या उंचीवर उचलतात तेव्हा नळी फिरते, त्याने सांगितलं. पिनांची उंची बदलली, की जुने दात चुकीच्या जागी उचलतात आणि कुलूप ढिम्म हलत नाही.

काका हरखून गेले. सगळा खेळ मापाचा! त्यांनी कपाटातून जाडी मोजायचा स्वतःचा कॅलिपर आणला आणि चावीवाल्याच्या उजव्या कोपराशी जाऊन उभे राहिले.

"साहेब, जरा बाजूला व्हा."

"मी काही बोलत नाही. बघतो फक्त."

"बघू नका. कोणी हाताकडे बघितलं की माझा हात चुकतो."

पण काकांना बघितल्याशिवाय राहताच येईना. चौतीस वर्षं ते असेच लोकांच्या कोपराशी उभे राहिले होते, आणि चौतीस वर्षं लोकांचे हात थरथरले होते; त्यांचा आपला समज, की सगळ्यांचे हात मुळातच थरथरतात. चावीवाल्याने चिमट्यात तिसरी पिन धरली. काका पुढे वाकले. "ही सहा पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर असावी," ते पुटपुटले. चिमटा हलला, स्प्रिंग टुणकन उडाली, तिला धरायला चावीवाला उठला, फडकं त्याच्या बटणात अडकलं, आणि पाचही पिना फरशीवर आपापल्या दिशेने निघून गेल्या.

पुढचा पाऊण तास दोघं फरशीवर रांगत होते. कपाटाखाली, गादीखाली, फ्रीजमागे. चार पिना सापडल्या. फ्रीजमागे काकूंची एक केसांची पिनही सापडली. काकांनी ती उचलली, निरखली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. चावीवाल्याने विचारलं, "मिळाली?" काका म्हणाले, "ती ही नव्हे."

"दुकानातून पिन बसवून आणतो. तासाभरात येतो," असं म्हणून चावीवाला नळी घेऊन गेला.

तासाचे चार तास झाले. संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. फरशीवर वाकून वाकून त्याची कमर धरली होती. दुकान बंद करून तो कसाबसा घरी पोचला होता आणि आता त्याला कूससुद्धा बदलता येत नव्हती. "तुमची नळी दुकानात सुखरूप आहे," बाई म्हणाल्या. "हेच सुखरूप नाहीत."

दाराला आता एक आरपार भोक होतं. आतून कडी लागत होती, पण बाहेरून बंद करायचं म्हटलं तर दाराला काहीच नव्हतं. कंडक्टरनी बाहेरून कडी-कोयंडा ठोकायचा सल्ला दिला, पण सुतार म्हणाला, पोकळ दारात स्क्रू धरणार नाही, आणि पुन्हा चौकटीकडे बघू लागला. थोडक्यात, काका घरात कैद झाले.

गंमत अशी, की या कैदेत काकांकडे माणसं येऊ लागली. येता-जाता जो तो भोकाला डोळा लावायचा आणि विचारायचा, "काका, आहात का?" आणि काका आतून म्हणायचे, "आहे." कोणी भोकात बूच बसवायला सांगितलं, कोणी कागदाचा बोळा. पहिल्या मजल्यावरच्या आजी अर्धा तास बसून त्यांच्या काळच्या दारांबद्दल बोलल्या. त्या रविवारी काका चौदा वेळा "आहे" म्हणाले. गेल्या दीड वर्षात मिळूनसुद्धा इतक्यांदा ते म्हणायची वेळ आली नसेल. वरकरणी ते वैतागले होते, पण संध्याकाळी दोन कप जादा विसळून ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण गुणगुणतो आहोत.

सोमवारी सकाळी मात्र कोणी आलं नाही. भोक जुनं झालं होतं.

आणि सोमवार ही महिन्याची शेवटची तारीख. त्या तारखेच्या आत पेन्शनच्या ऑफिसात स्वतः जाऊन, आपण जिवंत आहोत असं लिहून द्यायचं असतं. नाही दिलं, तर माणूस घरात बसून चहा पीत असला तरी कागदोपत्री कायमचा गेला. काकांना घर उघडं टाकून जाता येईना आणि न जाता जिवंत राहता येईना. अकरा वाजता त्यांनी कंडक्टरना शोधलं, तर ते कुठेतरी सल्ला द्यायला गेले होते. शेवटी काकांनी सदऱ्याची बटणं नीट लावली आणि समोरची बेल वाजवली.

सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. "किती वेळ?"

"दोन तास. फार तर सव्वादोन."

"जा."

पेन्शनच्या ऑफिसातल्या कारकुनाने फॉर्म तपासला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "जवळची व्यक्ती. इथे तुम्ही मुलगा लिहिलाय. पण हा तर परदेशात."

"मुलगाच आहे माझा."

"मुलगा असेल हो. पण जवळचं कोण? म्हणजे काही झालं तर तासाभरात पोचेल असं?"

काकांनी नाव खोडलं. आपल्या आणि समोरच्या दारामधलं अंतर त्यांना ठाऊक होतं, एक मीटर साठ. पण विचारल्याशिवाय कोणाचं नाव लिहिणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. आणि विचारायचं तरी काय? त्यांनी त्या ओळीवर पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ ओढली. कारकुनाने त्या रेघेकडे पाहिलं, शिक्का उचलला आणि काका जिवंत असल्याचं नक्की केलं.

ते परतले तेव्हा सिस्टर दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, रात्रपाळीला बसल्यासारख्या. कशाला हात लावलेला नव्हता.

"कोणी आलं होतं?"

"कंडक्टर. भोकातून विचारलं, काका आहात का. मी म्हटलं, नाहीत, जिवंत आहेत म्हणून सांगायला गेलेत."

काका हसले. मोठ्याने हसले, आणि आपलाच आवाज ऐकून दचकून थांबले. सिस्टर उठल्या. आतल्या खोलीच्या दाराकडे त्यांची नजर क्षणभर गेली. काकू गेल्या त्या पहाटे काकांनी धावत जाऊन त्यांनाच उठवलं होतं. त्यांनीच आत येऊन नाडी पाहिली होती आणि घड्याळाकडे बघून वेळ सांगितली होती. त्यानंतर दीड वर्षात त्या या घरात आल्या नव्हत्या. काका "चहा" म्हणेपर्यंत समोरचं दार लागलंसुद्धा.

मंगळवारी चावीवाला कमरेला पट्टा बांधून आला. "साहेब, तुम्ही स्वयंपाकघरात," तो दारातूनच म्हणाला. काका निमूटपणे गेले आणि शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बारा मिनिटांत काम झालं. लिफाफ्यातली जुनी चावी कुलपात गेली, पण फिरेना. नवी घातली तर अशी फिरली, की आवाजही नाही. मूठ जागच्या जागी होती.

"चाव्या किती करू?"

"पाच," काका सवयीने म्हणाले. घरात पहिल्यापासून पाच चाव्या होत्या.

चाव्या हातात पडल्यावर त्यांनी हिशेब मांडला. एक आपली. एक ऑफिसच्या लिफाफ्यात, सेक्रेटरींनी ती 'अंशतः' असा शेरा मारून ठेवून घेतली आणि वर अभिनंदनही केलं: "आता काळजी नाही काका. तुमच्या घरात तुमच्याशिवाय कोणीही शिरू शकत नाही!" उरल्या तीन. काकांनी मुलाला फोन लावला.

"अहो बाबा, एवढ्या लांब चावी कशाला पाठवताय?" मुलगा म्हणाला. "मी येईन तेव्हा तुम्ही घरी असालच की." मुलगा प्रेमाने बोलत होता, आणि बोलला ते खरंही होतं. काका "हो, असेनच" म्हणाले.

थोरली बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. "माझे गुडघे बघितलेस का? जिने चढून मी तुझं दार उघडायला येऊ? तूच ये इकडे, जेवायला ये." मग खात्यातला जुना सोबती. त्याच्या सुनेने फोन घेतला. "काका, बाबांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. चावी दिलीत तर कुठेतरी ठेवून देतील." काकांनी जरा वेळ तिच्या मुलांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

तीन चाव्या टेबलावर पडून राहिल्या. काका त्या जेवताना उजवीकडे सरकवायचे, पेपर वाचताना डावीकडे. इतकं चोख कुलूप अख्ख्या इमारतीत नव्हतं. चार दिवस त्या घरात कोणी आलं नाही, आणि दाराला भोक नसल्यामुळे कोणी विचारलंही नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी काकांनी एक चावी उचलली, सदऱ्याची बटणं लावली आणि समोरची बेल वाजवली.

"ही एक चावी," ते म्हणाले. "तुमच्याकडे असू दे म्हटलं. तशी काही गरज पडणार नाही म्हणा."

सिस्टरनी हात पुढे केला नाही. "कधी उघडायचं?"

"म्हणजे?"

"सकाळी किती वाजेपर्यंत पेपर आत घेतला नाही, म्हणजे मी उघडायचं? ठरलेलं असलं म्हणजे बरं असतं. नाहीतर मी आपली भिडेपायी दहा वाजेपर्यंत थांबणार, आणि तुम्ही तिकडे न्हाणीघरात पाय मोडून पडलेले."

काकांना हा प्रश्न फार आवडला. इतका नेमका प्रश्न त्यांना कित्येक दिवसांत कोणी विचारला नव्हता. त्यांनी विचार करून सांगितलं, "साडेआठ."

"उठता किती वाजता?"

"सहा दहाला."

"मग साडेआठ फार झाले. साडेसात."

"कधी कधी," काका पायपुसण्याकडे बघत म्हणाले, "जाग येते, पण उठावंसं वाटत नाही. पडून राहतो तसाच." हे त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.

सिस्टरनी मान हलवली. "आठ. आणि त्याहून जास्त पडायचं असेल, तर आदल्या संध्याकाळी मला सांगून ठेवायचं."

"रविवारी?"

"रविवारीही आठच. त्याला काही सुट्टी नसते." त्यांनी चावी घेतली, उजेडात धरून पाहिली आणि मुठीत बंद केली.

काका जायला वळले आणि थांबले. "आणि तुमचं?"

"माझं काय?"

"तुम्ही पेपर घेत नाही. मला कसं कळायचं?"

सिस्टरनी दाराची कड धरली. "साडेसहाला मी रेडिओ लावते," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे ऐकू येतो का?"

"रोज येतो," काका म्हणाले. त्याबद्दलची लेखी तक्रार त्यांच्या टेबलाच्या खणात तयार होती. ती त्यांनी मनातल्या मनात फाडून टाकली.

"मग सातपर्यंत नाही लागला तर..." वाक्य तसंच सोडून सिस्टर आपल्या घराची चावी आणायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका सहा दहाला उठले. साडेसहाला भिंतीपलीकडे रेडिओ लागला, बातम्या झाल्या, कुठल्यातरी गाण्याचं अर्धं कडवं झालं. काकांनी चहा केला, दाढी केली. मग आठला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी दार उघडलं, पेपर उचलला, आणि सव्वीस वर्षं हलक्या हाताने लावलेलं ते दार समोर नीट ऐकू जाईल असं लावलं.